वृद्ध रुग्णांची आरोग्यविषयक मुलाखत आणि सामाजिक यंत्रमानव : एक विवेचन

प्रस्तावना :
वृद्ध रुग्णाच्या उपचारात तपासणी अहवालांइतकेच त्याच्या स्वतःच्या सांगण्याला महत्त्व असते. झोप लागते का, अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का, अलीकडे तोल जाऊन पडणे झाले का, एकटेपणा जाणवतो का, या बाबी रक्ततपासणीतून कळत नाहीत. त्या विचाराव्याच लागतात. त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या वापरल्या जातात. वृद्धांमधील नैराश्य तपासणाऱ्या प्रचलित मापनश्रेणीच्या मूळ रूपात ३०, तर संक्षिप्त रूपात १५ प्रश्न आहेत. प्रत्येक रुग्णाला असे प्रश्न सावकाश विचारायचे म्हटल्यास परिचारिकेचा बराच वेळ खर्ची पडतो. हे काम सामाजिक यंत्रमानवाकडे कितपत सोपवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
यंत्राने रुग्णाला प्रश्न विचारण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाद्वारे रुग्णाचा वैद्यकीय पूर्वेतिहास घेण्याची पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र दृष्टी मंदावलेल्या किंवा बोटे थरथरणाऱ्या वृद्धास कळफलक अडचणीचा ठरतो. सामाजिक यंत्रमानव प्रश्न बोलून विचारतो आणि हातवारेही करतो. २०१४ मध्ये जगासमोर आलेला ‘पेपर’ हा यंत्रमानव सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा असून त्याच्या छातीवर पडदा आहे. त्यामुळे प्रश्न ऐकण्याबरोबरच वाचण्याचीही सोय होते.

नेदरलँड्समधील प्रयोग :
नायमेखन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांनी याच यंत्रमानवाचा वापर केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राथमिक चाचणीत स्वतःच्या घरी राहणाऱ्या ४२ व्यक्तींचा समावेश होता. प्रत्येकाची मुलाखत यंत्रमानवानेही घेतली आणि परिचारिकेनेही. यंत्रमानवाने घेतलेल्या बहुसंख्य मुलाखती मदतीविना पूर्ण झाल्या. म्हणजेच ठरावीक प्रश्न विचारून उत्तरे नोंदवण्याचे काम यंत्राकडून होऊ शकते, हे दिसून आले. तथापि सहभागी व्यक्तींची संख्या लहान असल्याने यावरून सर्व वृद्धांविषयी अनुमान काढणे योग्य ठरणार नाही.

उपयुक्तता :
यंत्रमानव प्रत्येकाला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारतो, त्यामुळे उत्तरांची तुलना सुलभ होते. तो कंटाळत नाही. शिवाय लघवीवरील नियंत्रण किंवा मनातील निराशा यांसारख्या संकोचाच्या विषयांवर काही व्यक्ती यंत्रापुढे अधिक मोकळेपणाने बोलू शकतात. समोर केवळ संगणक आहे, अशी समजूत असलेल्या व्यक्तींनी स्वतःविषयी अधिक सांगण्याची तयारी दाखवल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते.

मर्यादा :
वृद्धांचे बोलणे अनेकदा संथ, क्षीण व बोलीभाषेच्या वळणाचे असते. उत्तर आठवताना ते थांबतात आणि यंत्र त्या थांबण्यालाच उत्तराची समाप्ती समजू शकते. श्रवणदोष किंवा स्मृतिभ्रंश असल्यास अडचण अधिक वाढते.

याहून गंभीर मर्यादा वेगळी आहे. ‘गेल्या महिन्यात पडलात का?’ या प्रश्नाला रुग्ण थोडे अडखळून ‘नाही’ म्हणतो, असे समजू. आपल्याला वृद्धाश्रमात पाठवतील, ही भीती त्या नकारामागे असू शकते. अनुभवी परिचारिकेची नजर अशा वेळी मनगटावरील काळ्यानिळ्या डागाकडे जाते व ती पुन्हा विचारते. यंत्रमानव मात्र ‘नाही’ एवढीच नोंद करून पुढील प्रश्नाकडे वळतो. नोंद पूर्ण होते, पण ती खरी असेलच असे नाही. तसेच जगण्याची इच्छा उरली नसल्याचे एखाद्याने यंत्राला सांगितले, तर ते उत्तर कोणी व किती वेळात पाहावयाचे, हे आधीच निश्चित असणे आवश्यक आहे. मिळालेली माहिती कोणाला पाहता येईल, हेही रुग्णास सोप्या शब्दांत सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. मुलाखतीसाठी माणूसच हवा असे म्हणण्याची मुभाही त्याला असावी.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, यंत्रमानवाने घेतलेली मुलाखत हा रुग्णाशी होणाऱ्या संवादाचा आरंभ मानला पाहिजे, पर्याय नव्हे. यंत्राने ठरावीक प्रश्न विचारावेत आणि वाचलेल्या वेळात परिचारिकेने ती उत्तरे हाती घेऊन रुग्णाजवळ बसावे, यातच या साधनाचे खरे सार्थक आहे. याउलट, वाचलेला वेळ दाखवून परिचारिकांची संख्याच घटवली गेल्यास प्रश्नावल्या भरल्या जातील. परंतु वृद्धाचे म्हणणे ऐकणारे कोणी उरणार नाही.