परमा गेली, नाव राहिलं

कलकत्त्याच्या बस-कंडक्टरांचा गळा मोठा ऐकण्यासारखा असतो. बसचा पत्रा तळहातानं बडवीत हा गृहस्थ थांब्यांची नावं एका दमात तीन-तीनदा उच्चारतो, आणि नवख्याला वाटतं की हे काही मंत्रपठणच चाललं आहे. २०१६ सालच्या डिसेंबरात अशाच एका बसमध्ये मी खिडकीला धरून बसले होते. पूर्वेकडच्या त्या लांबलचक बायपासवर कंडक्टरनं पुकारा केला, "परमा, परमा, परमा!" आणि मी चटकन मान वळवून बाहेर पाहिलं. परमा तिथं नव्हतीच. डोक्यावर नवा कोरा उड्डाणपूल होता, खाली गाड्यांची गर्दी होती, चौकात एक पृथ्वीगोल होता. उतरणारी माणसं मात्र परमालाच उतरत होती.

चार वर्षांपूर्वी, २०१२ साली, मी तिला तिथं उभी पाहिलेली होती. अनुवादाच्या एका कार्यशाळेसाठी मी प्रथमच त्या शहरात गेले होते. (शहराचं नाव २००१ पासून कोलकाता झालं आहे हे मला ठाऊक आहे, पण शरच्चंद्र मराठीतून वाचून वाढलेल्या माणसाच्या तोंडी कलकत्ता हेच यायचं, याला इलाज नाही.) ज्यांच्या घरी उतरले होते त्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना मी दीदी म्हणत असे. सायन्स सिटीजवळच्या चौकात टॅक्सी थबकली तेव्हा त्या उंच शिल्पाकडे बोट करून दीदी म्हणाल्या, "ही आमची परमा. बाईनं घडवलेली बाई. शहराच्या एवढ्या मोठ्या नाक्यावर असं दुसरं दाखवा पाहू!" मला आमच्या शहरातले पुतळे मनातल्या मनात मोजावे लागले, आणि मी गप्प बसले.

त्या संध्याकाळी दीदींनी मला शानू लाहिरींची आणि त्यांच्या मैत्रिणींची हकीकत सांगितली. तिच्यापायी पुढं मी किती कॅटलॉग चाळले आणि किती वाचनालयांचे उंबरे झिजवले, ते सांगत बसत नाही.

हकीकत अशी. १९८३ साली कलकत्त्यात पाच बायकांनी मिळून एक मंडळ काढलं. करुणा साहा, शानू लाहिरी, मीरा मुखर्जी, संतोष रोहतगी आणि श्यामश्री बसू अशी त्या पाचजणींची नावं. मंडळाचं नाव काय ठेवलं असेल? 'द ग्रुप'! बस्स, एवढंच. आपल्याकडे चार बायका जमून भिशी काढायची म्हटली तरी नावावरून दोन बैठका होतात. पण त्या साध्या नावात एक चिमटा होता असं मला वाटतं. त्याच शहरात १९४३ साली 'कलकत्ता ग्रुप' नावाचं चित्रकारांचं प्रसिद्ध मंडळ निघालं होतं, आणि आरंभीच्या त्या कलावंतांत बाई एकच होती, शिल्पकार कमला दासगुप्ता. आपल्या मुंबईच्या 'प्रोग्रेसिव्ह' मंडळींनी १९५० साली याच कलकत्ता ग्रुपबरोबर कलकत्त्यात संयुक्त प्रदर्शन भरवलं होतं. तिथंही तीच कथा. १९४७ साली 'प्रोग्रेसिव्ह' स्थापन करणारे सहाही पुरुष. पुढं १९५३ च्या प्रदर्शनात त्यांच्याबरोबर एका मुलीची चित्रं लागली. ती कोल्हापूरची भानू राजोपाध्ये. हीच पुढं भानू अथैया झाली, चित्रपटांचे पोशाख करू लागली, आणि १९८३ साली 'गांधी'साठी ऑस्कर घेऊन आली. तिची कीर्ती जगभर झाली खरी, पण चित्रं मागं राहिली ती राहिलीच. तिला 'द ग्रुप'सारख्या चार मैत्रिणी मुंबईत मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. असो.

वाचकांची अशी समजूत होईल की या पाचजणी म्हणजे होतकरू मुली होत्या. मुळीच नाही. १९८३ साली मीरा मुखर्जी साठ वर्षांच्या होत्या आणि शानू लाहिरी पंचावन्नच्या. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत ज्या काळी मुली अगदी तुरळक दिसत त्या काळी करुणाबाई तिथं शिकल्या होत्या, पुढं इटलीत फ्लॉरेन्सलाही जाऊन आल्या होत्या. शानूबाई पॅरिसला शिकून आलेल्या. मीराबाई तर म्युनिकच्या. नाव, पदवी, परदेशगमन, सारं काही पदरी असलेल्या या बायकांना मंडळाची गरज का भासावी? मला तर हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी मीराबाईंविषयी बोलल्यावाचून राहवत नाही.

मीरा मुखर्जी १९५३ मध्ये जर्मनीला गेल्या. तिथल्या गुरूंनी त्यांना आपल्या मातीकडे परत पाहायला लावलं, आणि देशी परतल्यावर त्या थेट बस्तरला गेल्या. म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे. तिथले घडवा लोक पितळ ओततात, त्यांच्याजवळ बसून या म्युनिकच्या विद्यार्थिनीनं पुन्हा पहिल्यापासून धडे गिरवले. ही ओतण्याची तऱ्हा गृहिणींना सहज कळण्यासारखी आहे. आधी मातीचा गाभा करायचा. मग मेण सोऱ्यातून शेवेसारखं दाबून त्याचे बारीक तंतू काढायचे, आणि त्या तंतूंनी गाभ्यावर सबंध आकृती गुंडाळायची: केस, दागिने, साडीच्या निऱ्या, सगळं मेणाचं. वर पुन्हा मातीचा लेप द्यायचा आणि वाटा ठेवायच्या. भट्टीत घातलं की मेण वितळून जातं, त्याच्या पोकळ जागेत तापलेलं पितळ ओततात आणि थंड झाल्यावर वरची माती फोडतात. साचा फुटला तो फुटला. तशी दुसरी मूर्ती होणे नाही. चकली तुटली तर पुन्हा पाडता येते, इथं महिन्याची मेहनत मातीत जाते.

घडवा लोकांच्या मूर्ती वीतभर, हातभर असत. मीराबाईंनी हीच रीत माणसाहून मोठ्या शिल्पांना लावली. तुकड्या-तुकड्यांनी ओतायचं आणि मग जोडायचं. कलिंगच्या युद्धानंतरचा त्यांचा सम्राट अशोक दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलच्या आवारात उभा आहे. पण सम्राट त्यांच्या हातून क्वचितच झाले. नावाडी, विणकर, बाउल, ओझी वाहणारी माणसं हेच त्यांचं गणगोत. त्या शास्त्रीय संगीतही शिकल्या होत्या, आणि त्यांच्या पितळेला जो एक झोल आहे तो तिथून आला असावा असं मला आपलं वाटतं. कारागिरांचा अभ्यास करीत त्या देशभर हिंडल्या. 'मेटल क्राफ्ट्समेन ऑफ इंडिया' हे त्यांचं पुस्तक १९७८ सालचं. कलकत्त्याजवळच्या एलाची गावी त्यांचं काम चाले. खेड्यातल्या मुलांना त्यांनी कांथ्याचं भरतकाम करायला लावलं आणि त्यांच्या मनातली चित्रं धाग्यात उतरवून घेतली. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९९८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा एक मोठी बुद्धमूर्ती अर्धीच राहिली होती. ती त्यांच्या माणसांनी मागाहून पुरी केली.

शानू लाहिरींचा पिंड अगदी निराळा. घरच कलावंतांचं: थोरले भाऊ कमलकुमार मजुमदार, म्हणजे 'अंतर्जली यात्रा' लिहिणारे, दुसरे नीरद मजुमदार, कलकत्ता ग्रुपमधले चित्रकार. अशा भावांच्या बहिणीनं एखादा कोपरा धरून गोड चित्रं काढली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. या बाई रस्त्यावर उतरल्या. त्या काळी कलकत्त्याच्या भिंतींवर पक्षांच्या घोषणांखेरीज तसूभर जागा नसे. शानूबाईंनी मुलं, विद्यार्थी, गल्लीतली माणसं गोळा केली, चुन्याचा हात फिरवला, आणि घोषणांच्या जागी चित्रं काढली. पक्षाची भिंत पुसणं म्हणजे काय, हे निवडणुकीत आपली कंपाउंडची भिंत ज्यांना गमवावी लागली आहे त्यांना सांगायला नको. रवींद्र भारती विद्यापीठात त्या शिकवीत असत. पण शहरानं त्यांना ओळखलं ते भिंतींवरून.

दीदींच्या गल्लीतही एक अशी भिंत रंगली होती. "त्यात एक मासा माझा होता," दीदी म्हणाल्या. शिक्षिका असूनही त्या मुलांच्या ओळीत जाऊन बसल्या होत्या म्हणे. "चार पावसाळे टिकला. मग त्यावर दंतमंजनाची जाहिरात आली."

परमा १९८७ सालची. शानू लाहिरी २०१३ च्या फेब्रुवारीत वारल्या, आणि २०१४ मध्ये परमा चौकातून काढण्यात आली. एक वर्षाचं अंतर! शहरं वाढतात, पूल लागतात, हे मलाही कळतं. पण शिल्प घडवणाऱ्या बाईच्या पाठोपाठ शिल्पानंही जावं, आणि आठवण ठेवण्याचं काम बस-कंडक्टरांवर पडावं, हे काही मला पचलं नाही. दीदींना तरी कुठं पचलं होतं? २०१६ मध्ये मी विषय काढला तशा त्या उठून चहा टाकायला गेल्या.

आता तो राहिलेला मुद्दा. नामवंत बायकांना मंडळ कशाला हवं?

आमच्या आईनं १९६४ साली इंटरमिजिएटची चित्रकला परीक्षा अ श्रेणीत पास केली. ते प्रमाणपत्र सांगलीच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, कॅमलच्या रंगांच्या वाळलेल्या पेटीखाली अजून आहे. त्यानंतर तिनं चित्र काढलं नाही. कुणी मनाई केली का? नाही. वडील तर भला माणूस, ब्रश आणून दिले असते. पण "पुढचं चित्र कधी दाखवतेस?" असं तिला कुणीही, एकदाही विचारलं नाही. स्वयंपाकाला वेळेचं बंधन असतं, मुलांच्या परीक्षेला असतं, चित्राला नसतं; आणि ज्याला बंधन नाही ते बायकांच्या घरात सर्वांत शेवटी उरतं. 'द ग्रुप'च्या पाचजणींची शैली एक नव्हती, जाहीरनामा असा नव्हता. कुणी पितळ ओतीत होत्या, कुणी भिंती रंगवीत होत्या. करुणाबाई स्त्रीदेह रंगवीत होत्या, तोही संकोच न बाळगता. त्यांनी एकमेकींना दिली ती, माझ्या मते, तारीख. अमुक दिवशी प्रदर्शन आहे, तुझं काम आलं पाहिजे. पद्मश्रीनं हे काम होत नाही, त्याला मैत्रिणी लागतात.

यंदा गणपतीत सांगलीला गेले तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. ती आता शहात्तर वर्षांची आहे. मोदकाच्या पाऱ्या करता-करता तिनं सगळं ऐकून घेतलं. मेणाच्या शेवेचा भाग तिला फार आवडला. तो दोनदा सांगायला लावला. मग हात पुसत तिनं विचारलं, "त्या कुठल्या वारी जमायच्या गं? आणि वर्गणी किती होती?"

मी हे कधी शोधलंच नव्हतं. तसं सांगितलं, तर म्हणाली, "विचारून ठेव तुझ्या त्या दीदींना." त्याच दुपारी ट्रंक पलंगाखालून ओढल्याचा आवाज मला माजघरात ऐकू आला.