एकाचे पक्वान्न, दुसऱ्याला वर्ज्य

अमुक मांस भक्ष्य आणि तमुक अभक्ष्य, हे ठरवते कोण? घोड्याचेच उदाहरण घेऊ. कझाकस्तानात घोड्याचे मांस पाहुण्यांना मानाने वाढतात. जपानमधील कुमामोतो येथे ते कच्चेच, चवीने खातात. इंग्लंडात मात्र २०१३ साली गोमांस म्हणून विकलेल्या पदार्थांत ते सापडले, तेव्हा केवढा गहजब झाला! मांस तेच, मग फरक कशाने पडला?

जर्मन टोळ्या देवाला घोडा बळी देत व त्याचे मांस खात. तो जुना धर्म मोडावा म्हणून पोप तिसरा ग्रेगरी याने ७३२ च्या सुमारास या खाण्यास मनाई केली. पुढे घोडा शेतीत व युद्धात माणसाचा सोबती झाला आणि तिटकारा पक्का झाला. उलट, गरिबांना स्वस्त मांस मिळावे म्हणून फ्रान्सने १८६६ साली त्याच्या विक्रीला परवानगी दिली.

म्हणजे किळसेलाही इतिहास असतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. डब्यात सुकट असली की मी कोपरा शोधत असे. आता सर्वांबरोबर बसतो. ज्याला नको त्याने खाऊ नये. पण डब्यावरून माणसाची पायरी ठरवू नये, एवढेच माझे म्हणणे.