खिशातला खेळ आणि खेळणाऱ्याचा खिसा

खेळ हा लहानांचा हक्क आणि मोठ्यांचा कमीपणा, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. पत्त्यांचा डाव चतुर्थीच्या जागरणापुरता क्षम्य मानला जातो. बुद्धिबळाला त्याच्या नावातल्या बुद्धीमुळे मान मिळतो आणि क्रिकेटला तर देशभक्तीचेच वलय लाभले आहे. परंतु बेतीच्या फेरीबोटीत किंवा म्हापशाच्या बसमध्ये एखादा तरुण हातातल्या यंत्रावर अंगठे नाचवीत बसलेला दिसला, की शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. 'यात एवढे आहे तरी काय?' हा त्यांचा प्रश्न असतो. तो बहुधा तुच्छतेने विचारला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. कारण प्रश्न मुळात चांगला आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर शोधल्याखेरीज मुलांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, हे आपल्याला ठरविता येणार नाही.

सोबत नेता येणारा खेळ ही काही संगणकयुगाची निर्मिती नव्हे. परकराच्या ओच्यातले सागरगोटे, चड्डीच्या खिशात खुळखुळणाऱ्या गोट्या, देवळाच्या फरशीवर कोरलेल्या पटावर टाकावयाच्या कवड्या, सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगविलेल्या गोल गंजिफा, ही सारी याच कुळातली मंडळी. त्यांना मैदान लागत नाही, वेळ ठरवावी लागत नाही, आणि घरातून हाक आली की डाव मोडून उठता येते. आपल्या मुठीत मावणारे आणि केवळ आपल्या मर्जीने चालणारे एक लहानसे जग जवळ असावे, ही माणसाची ओढ फार पुरातन आहे. हातात धरून खेळावयाच्या संगणकीय खेळाने त्याच ओढीला नवे रूप दिले आहे.

या नव्या रूपाचा वंशवृक्ष आम्हां गोमंतकीयांनी तर आवर्जून पाहावा असा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी जपानला पोहोचले. पुढे त्यांची व्यापारी जहाजे गोव्याहून मलाक्का आणि मकाव या मार्गाने नागासाकीला जात. पोर्तुगीजांबरोबर जपानात खेळायचे पत्तेही आले. जपानी भाषेतला 'कारुता' हा शब्द पोर्तुगीज 'कार्ता' या शब्दावरूनच घडला. पत्त्यांबरोबर जुगार वाढला, राज्यकर्त्यांनी बंदी घातली, तेव्हा लोकांनी चित्रे बदलून नवे पत्ते काढले. पुन्हा बंदी, पुन्हा नवी चित्रे. या लपंडावातून बारा महिन्यांची फुले मिरविणारा ४८ पानांचा 'हानाफुदा' हा संच रूढ झाला. हेच पत्ते तयार करण्यासाठी १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी एक दुकान काढले. त्याचे नाव निन्टेन्डो.

या पत्तेवाल्या कंपनीत १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा एक तरुण पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करावयास लागला. पुढे तो खेळण्यांचा कल्पक कारागीर झाला. जपानच्या वेगवान आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगीच दाबीत वेळ घालवीत असलेला योकोई यांच्या नजरेस पडला आणि त्यातून त्यांना एक कल्पना सुचली, असे सांगतात. १९८० साली 'गेम अँड वॉच' हे यंत्र बाजारात आले. एका यंत्रात एक खेळ, आणि सोबत घड्याळ! कॅल्क्युलेटरसाठी मुबलक निघणारे द्रवस्फटिकाचे स्वस्त पडदेच त्यात वापरलेले होते. जुन्या, सिद्ध झालेल्या आणि म्हणून स्वस्त असलेल्या तंत्राचा नव्या दिशेने विचार करावयाचा, हे योकोई यांचे सूत्र होते. १९८२ सालच्या अशाच एका यंत्रासाठी त्यांनी अधिकचिन्हाच्या आकाराची दिशाकळ योजिली. आज जगातल्या बहुतेक खेळयंत्रांवर अंगठ्याखाली असते ती हीच.

त्यांच्या सूत्राची खरी परीक्षा १९८९ साली झाली. त्या वर्षी 'गेम बॉय' निघाला. हिरवट पडदा, करड्या छटा अवघ्या चार, आतला दिवाही नाही. उजेडाकडे तोंड करूनच खेळावे लागे. त्याच वर्षी अटारी कंपनीने 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षी सेगा कंपनीने 'गेम गिअर' ही रंगीत आणि प्रकाशमान पडद्याची यंत्रे आणली. कागदावर पाहिले तर सामना एकतर्फी होता. पण त्या रंगीत यंत्रांना सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत ते रिकामे होत. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर सुमारे १५ तास चाले, किंमतीत कमी होता आणि हातातून पडला तरी सहसा दगावत नसे. शेवटी जिंकला तो हाच गरीब पडद्याचा गडी. त्याच्या रंगीत भावंडासह त्याची विक्री जगभरात ११ कोटी ८० लाखांच्या वर गेली. बरोबर नेण्याच्या वस्तूचा पहिला गुण तिचे वैभव नसून तिचा भरवसा हा आहे, हा धडा ग्राहकांनीच कारखानदारांना शिकविला.

या यंत्राबरोबर अमेरिकेत जो खेळ दिला गेला, तो 'टेट्रिस'. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली तो रचला. वरून चौकोनांचे तुकडे पडतात, ते फिरवून ओळ पुरी करावयाची, पुरी झालेली ओळ नाहीशी होते. यात कथा नाही, वैर नाही, रक्त नाही. पसारा आवरण्याचे जे समाधान गृहिणीला मांडणीवरची भांडी लावताना मिळते, त्याच जातीचे हे समाधान आहे. १९९३ साली अलेक्सान्द्र सेरेब्रोव्ह या रशियन अंतराळवीराने गेम बॉय आणि टेट्रिस 'मीर' अंतराळस्थानकात नेले होते. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात 'ब्रिक गेम' या नावाने जी स्वस्त यंत्रे घरोघर आली, त्यांतला मुख्य खेळही याच घराण्यातला होता.

तेव्हा या खेळांत आकर्षण आहे काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे, आणि त्यासाठी खेळणाऱ्यांना मूर्ख ठरविण्याचे कारण नाही. दिवसाचे जे तुकडे कोणाच्याच उपयोगाचे नसतात, दवाखान्यातली वाट पाहणे, बसचा खोळंबा, वीज गेलेली संध्याकाळ, ते तुकडे हा खेळ आपलेसे करतो. हरणे येथे कोणी पाहत नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करावयाची लाज वाटत नाही. आणि हा खेळ नेहमी एकलकोंडाच करतो, हेही खरे नव्हे. १९९६ साली जपानात निघालेला 'पोकेमॉन' हा खेळ सातोशी ताजिरी यांच्या बालपणीच्या कीटक जमविण्याच्या छंदातून जन्मला. दोन यंत्रे तारेने जोडून एकमेकांजवळचे प्राणी अदलाबदल केल्याखेरीज त्यातला संग्रह पुरा होतच नसे. मित्रावाचून न संपणारा खेळ मुलाला माणूसघाणा करील, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आक्षेपांतले काही मात्र खरे आहेत. लहान पडद्यावर डोळे ताणले जातात, मान अवघडते, अंगठे दुखतात. मोठ्या पडद्यासाठी रचलेला खेळ तळहाताएवढ्या जागेत कोंबला, तर त्यातली अक्षरे वाचण्यासाठी भिंग घ्यावे लागते. २०२२ साली आलेले 'स्टीम डेक' हे यंत्र घरच्या संगणकावरचे भारी खेळ हातात आणते खरे, पण त्याचे वजन सुमारे ६७० ग्रॅम आहे, आणि भारी खेळ लावला तर त्याची विद्युत्घटमाला दोन तासांतही संपू शकते. ज्याच्या घरी निवांत खोली आणि मोठा पडदा आहे, त्याने हा त्रास का सोसावा, हे विचारणे रास्तच आहे. उलट ज्या घरात एकच दूरदर्शन संच आणि त्यावर आजीची मालिका चालू आहे, तेथे स्वतःचा लहान पडदा ही चैन नसून सोय ठरते. २०१७ साली आलेला निन्टेन्डोचा 'स्विच' घरात मोठ्या पडद्याला जोडता येतो आणि उचलला की हातातला होतो. त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली, यावरून ही सोय किती जणांना हवी होती, ते दिसते.

येथवर सारे ठीक आहे. परंतु आपल्या बहुसंख्य मुलांच्या हातात आज यांपैकी कोणतेच यंत्र नाही. त्यांच्या हातात आहे तो दूरध्वनी. १९९७ साली नोकिया कंपनीच्या दूरध्वनीत 'स्नेक' हा सापाचा खेळ आला, तेव्हा तो एक निरुपद्रवी आहेर होता. साप स्वतःच्या शेपटीवर आपटला की डाव संपे. आजच्या अनेक खेळांत मात्र डाव संपणे हेच विक्रेत्याला परवडत नाही. पूर्वी खेळ एकदा विकत घ्यावा लागे आणि त्यानंतर कारखानदाराचा आणि खेळणाऱ्याचा संबंध संपे. आता खेळ फुकट मिळतो, म्हणूनच संबंध संपत नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान, पुढे जायचे तर थांबा किंवा पैसे भरा, आणि आत काय आहे हे न सांगता विकलेली बंद पेटी. मधूनमधून यंत्र स्वतःच हाक मारते. सागरगोट्यांनी कोणाला कधी हाक मारली नव्हती.

बंद पेटीत काय निघेल या आशेने पैसे टाकावयास लावणे, याला गोमंतकात दुसरे नाव शोधावे लागत नाही. मांडवीच्या पात्रात उभी असलेली कॅसिनोची जहाजे रोज संध्याकाळी ते नाव दिव्यांनी लिहितात. फरक इतकाच, की त्या जहाजावर चढताना वय विचारले जाते आणि खिशातल्या जहाजावर बारा वर्षांचे पोर केव्हाच चढून बसलेले असते. बेल्जियमने २०१८ साली अशा पैशांच्या पेट्यांना जुगार ठरविले. जपाननेही २०१२ साली अशा पेट्यांच्या एका विशेष फसव्या प्रकाराला आळा घातला. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे योग्यच झाले. तथापि जिंकण्याचे आमिष न दाखविता मुलाच्या उतावीळपणावर चालणारी दुकानदारी हा त्याहून निराळा प्रश्न आहे आणि त्याकडेही कायदेकर्त्यांनी लक्ष पुरविले पाहिजे. जुगाराला चित्रे बदलून परत येण्याची खोड आहे, हे जपानच्या पत्त्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.

सरसकट बंदी हा मात्र उपाय नव्हे. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठरवून दिला. घरातल्या आईबापांचे काम शासनाच्या घड्याळाकडे सोपविणे आम्हांस पसंत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी तिने घातलेल्या अटीही वाचावयास हव्यात. स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रस्थान मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे. सुट्टीत तासभर खेळणाऱ्या मुलाला रोगी म्हणण्याचा परवाना त्यातून कोणाला मिळत नाही.

पालकांनी खेळाची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी, असे आम्ही सुचवितो. हा खेळ संपतो का, निदान हवा तेथे थांबवून ठेवता येतो का? एकदा किंमत दिल्यावर तो पुन्हा पैसे मागतो का? आणि बंद केल्यावर तो गप्प बसतो का? या परीक्षेत योकोई यांची जुनी यंत्रे सहज उत्तीर्ण होतात, आजचीही अनेक होतात, आणि दूरध्वनीवरचे कित्येक लोकप्रिय खेळ पहिल्याच प्रश्नाला गडबडतात. परीक्षा घ्यावयाची तर मुलाशेजारी बसून एक डाव स्वतः खेळून पाहिला पाहिजे. त्याने वडिलकीला बाधा येणार नाही. उलट दुसऱ्या दिवशी 'आता पुरे' असे सांगताना त्या शब्दाला वजन येईल.

हातातल्या खेळाचा आनंद खरा आहे, आणि तो लहान आहे म्हणूनच खरा आहे. खेळ आपल्या मुठीत आहे तोवर त्याचे कौतुक करावे. आपण त्याच्या मुठीत गेलो आहोत अशी शंका आली, की हाक येण्याची वाट न पाहता डाव मोडून उठावे.