कार्यक्रम-मूल्यमापनाचे उच्च शिक्षण आणि विद्यापीठांचे सहकार्य

'मूल्यमापन' हा शब्द उच्चारला की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे उत्तरपत्रिका, नोंदवह्या आणि श्रेणी उभ्या राहतात. परंतु ज्याप्रमाणे विद्यार्थ्याच्या प्रगतीचे मूल्यमापन होते, त्याचप्रमाणे विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या योजनेचेही होऊ शकते, आणि ते झाले पाहिजे. योजनेच्या अशा पद्धतशीर परीक्षणास कार्यक्रम-मूल्यमापन असे म्हणतात. आज ही एक स्वतंत्र विद्या मानली जाते व काही देशांत तिचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. या शिक्षणाच्या प्रसारासाठी कॅनडातील विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला प्रयत्न प्राथमिक शिक्षकांनीही समजून घेण्यासारखा आहे.

तपासणी आणि मूल्यमापन

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समजा, एका शाळेत सकाळच्या अल्पोपाहाराची नवी योजना सुरू झाली आणि वर्षभरात दररोजची सरासरी उपस्थिती ६० वरून ८० वर गेली. तपासणीस येणारा अधिकारी साठावही, खर्चाच्या पावत्या व हजेरीपट पाहील आणि सर्व काही नियमानुसार आहे किंवा नाही, एवढे नमूद करील. मूल्यमापनाचे काम तेथून पुढे सुरू होते. वाढलेली २० मुले अल्पोपाहारामुळे आली काय? की त्या वर्षी पाऊसपाणी चांगले झाल्याने ऊसतोडीस जाणारी कुटुंबे गावातच राहिली? जेथे ही योजना नव्हती अशा शेजारच्या गावांत उपस्थितीची काय स्थिती होती? जी मुले अजूनही येत नाहीत, ती कोणत्या वस्तीतील आहेत?

या प्रश्नांची उत्तरे चुकली, तर उपयुक्त योजना बंद पडते अथवा निरुपयोगी योजनेवर पैसा खर्च होत राहतो. दोन्ही प्रसंगी त्याची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

विद्येचा उगम

या विद्येच्या वाढीस शिक्षणक्षेत्रानेच मोठा हातभार लावला. अमेरिकेत १९६५ साली प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाचा जो कायदा झाला, त्यात गरीब मुलांसाठी मिळणाऱ्या अनुदानाबरोबर त्या खर्चाच्या फलिताचे मूल्यमापन करण्याचे बंधनही घालण्यात आले. अनुदान मिळाले, परंतु हे काम जाणणारी माणसे फार थोडी होती. पुढे १९६७ साली मायकेल स्क्रिव्हन या विद्वानाने दोन संज्ञा प्रचारात आणल्या. योजना घडत असताना ती सुधारण्यासाठी करावयाचे मूल्यमापन ते आकारिक, आणि ती पूर्ण झाल्यावर तिच्याविषयी निर्णय घेण्यासाठी करावयाचे ते संकलित. महाराष्ट्रातील शिक्षकांना हे दोन्ही शब्द विद्यार्थ्यांच्या संदर्भात चांगले परिचित आहेत. मुळात मात्र ही विभागणी अभ्यासक्रम व कार्यक्रम यांच्या परीक्षणासाठी केली गेली होती. विद्यार्थ्यांच्या अध्ययनास ती नंतर लावण्यात आली.

कॅनडातील गरज

कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने १९७७ साली आपल्या कार्यक्रमांचे नियमित मूल्यमापन व्हावे, असे धोरण स्वीकारले. १९८१ साली या क्षेत्रात काम करणाऱ्यांची कॅनेडियन इव्हॅल्युएशन सोसायटी स्थापन झाली. २००९ च्या धोरणाने मध्यवर्ती खात्यांच्या कार्यक्रमांवरील सर्व थेट खर्चाचे दर पाच वर्षांनी मूल्यमापन करणे आवश्यक ठरविले. २०१६ मध्ये त्याची जागा नव्या धोरणाने घेतली. २००९ सालीच सोसायटीने अर्हताप्राप्त मूल्यमापकाची उपाधी देण्यास प्रारंभ केला. तीसाठी पदव्युत्तर स्तरावरील शिक्षण, मागील दहा वर्षांतील दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि ठरवून दिलेल्या पाच क्षेत्रांतील क्षमता, अशा अटी ठेवण्यात आल्या.

काम वाढले, अर्हताही ठरली. परंतु शिक्षण कोणी द्यावयाचे, हा प्रश्न उरला. या विद्येस संख्याशास्त्र लागते, लोकांशी बोलून त्यांचे म्हणणे नेमके नोंदविण्याची कला लागते, शासनव्यवहाराचे ज्ञान लागते आणि अप्रिय निष्कर्षही सौम्यपणे परंतु न डगमगता सांगण्याचे धैर्य लागते. हे सर्व एकाच विभागात शिकविले जात नाही. कोठे मानसशास्त्र विभागात एखादा प्राध्यापक, कोठे शिक्षणशास्त्रात, तर कोठे लोकप्रशासनात, अशी जाणकार माणसे विखुरलेली असतात. एकेका ठिकाणी विद्यार्थीही मोजकेच मिळतात, व मोजक्या विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण अभ्यासक्रम चालविणे विद्यापीठास परवडत नाही.

सहकार्याचा मार्ग

त्यावर उपाय म्हणून अनेक विद्यापीठांतील अध्यापकांनी मूल्यमापन-शिक्षणासाठी विद्यापीठांचा एक संघ उभारला. ओटावा, कार्लटन, व्हिक्टोरिया यांसारख्या विद्यापीठांनी या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविले. ओटावा व व्हिक्टोरिया या शहरांमधील अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दूरशिक्षणाचे महत्त्व समजते. नोकरीत असलेल्या व्यक्तीला आपले गाव न सोडता संगणकाच्या साहाय्याने शिकता येऊ लागले. ऑन्टॅरिओ प्रांतात तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला शुल्क आपल्याच विद्यापीठात भरून प्रांतातील दुसऱ्या विद्यापीठाचा विषय घेण्याची सोय आहे. अशा सोयीमुळे एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणी भरून निघते.

अर्थात, हे काम सोपे नाही. कॅनडात शिक्षण हा प्रांतांच्या अधिकारातील विषय आहे. इंग्रजी व फ्रेंच या दोन राजभाषा आहेत. आणि प्रत्येक विद्यापीठास आपल्या पदवीचा अभिमान असतो. दुसऱ्याने शिकविलेला विषय आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरावयाचा, म्हणजे दुसऱ्याच्या अध्यापनावर विश्वास ठेवावयाचा. सहकार्याचा खरा पाया हा विश्वासच होय.

आपल्या देशातील परंपरा

भारताला हा विचार नवा नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्याच वर्षी नियोजन मंडळाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. प्रा. द. गो. कर्वे हे तिचे पहिले संचालक. ज्यांनी कार्यक्रम चालवावयाचा त्यांनीच त्याची स्तुती लिहू नये, यासाठी ही स्वतंत्र यंत्रणा होती. २०१५ साली ती नीती आयोगाच्या विकास सनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. याच विकास कार्यक्रमाची पाहणी करून बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये अहवाल दिला. लोकांचा पुरेसा सहभाग मिळाला नाही, हे त्या समितीने स्पष्टपणे मांडले आणि लोकनियुक्त संस्थांच्या हाती अधिकार देण्याची शिफारस केली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदांची वाट या शिफारशीने मोकळी केली. उणीव प्रामाणिकपणे मांडल्याने कार्य बुडत नाही. त्यातून नवी संस्था उभी राहू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शिक्षकाचे स्थान

विद्यापीठांनी कितीही निष्णात मूल्यमापक तयार केले, तरी त्यांच्या कामाचा आरंभ गावच्या हजेरीपटापासूनच होतो. तेथे अनुपस्थित मुलापुढे उपस्थितीची खूण पडली, तर पुढील सारे गणित बिनचूक मांडूनही उत्तर चुकीचे येते. आणि ज्या मुलाला साहाय्याची गरज होती, ते कागदावर दिसेनासे होते. म्हणून कोणताही उपक्रम हाती घेताना शिक्षकांनी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. आरंभापूर्वीची स्थिती लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, वाचनाचा उपक्रम असेल, तर त्या दिवशी कोणते मूल अक्षरे ओळखते, कोणते शब्द वाचते व कोणते उतारा वाचते, याची नोंद करावी. त्या काळात उपक्रमाखेरीज गावात आणखी काय घडले, तेही टिपावे. आणि मध्येच शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे यादीतून न वगळता त्यांच्यापुढे कारण लिहावे.

ही नोंद कोणाला दोष देण्यासाठी नसते. ती खरी असेल, तर चांगल्या योजनेचा बचाव करण्यास आणि फसलेल्या योजनेत वेळीच सुधारणा करण्यास तिच्यासारखे दुसरे साधन नाही.