रक्तगट आणि जठराचा कर्करोग

जठराच्या कर्करोगाचा रक्तगटाशी संबंध आहे काय? १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. आयन एअर्ड व सहकाऱ्यांनी या रुग्णांत ‘ए’ गटाचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. २०१० मध्ये स्वीडन व डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक रक्तदात्यांच्या अभ्यासात ‘ओ’च्या तुलनेत ‘ए’ गटात हा धोका सुमारे २० टक्के अधिक आढळला.

आकडा मोठा वाटतो. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. समजा, एखादा आजार हजारात ५ जणांना होत असेल, तर २० टक्के वाढीने तो ६ जणांना होईल. म्हणून ‘ए’ गटाच्या व्यक्तींनी धास्तावू नये.

लखनौ परिसरात ‘बी’ गट सर्वाधिक आढळतो. तरीही लखनौकरांनी निर्धास्त राहणे योग्य नव्हे. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा दीर्घकालीन संसर्ग, धूम्रपान व अतिखारट आहार ही या रोगाची अधिक महत्त्वाची कारणे होत. सततचे अपचन, अकारण घटणारे वजन वा काळा शौच आढळल्यास रक्तगट न पाहता वैद्यकीय तपासणी करावी. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत त्यासाठी आवश्यक एंडोस्कोपीची सोय आहे.