विहारातला मानसिक आरोग्य गट: आधारही, कृतीही

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. दर्शन सोळंकी १२ फेब्रुवारी २०२३ ला. ही नावं चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहेत. त्यांच्यासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, आणि ते करायलाच हवं होतं. पण आपल्या वस्तीत या आठवड्यात कोण रात्रभर जागं असतं, कोणाचं जेवण सुटलंय, एमपीएससीचा चौथा निकाल लागल्यापासून कोण घराबाहेर पडलेलं नाही, असं विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? माणूस गेल्यावर आपली संघटना तासाभरात जमते. माणूस असताना जमण्याची व्यवस्था मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. ती कशी उभी करायची आणि मुख्य म्हणजे कशी चालवायची, याबद्दल हा लेख आहे.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मृतांमध्ये एक चतुर्थांशाहून जास्त रोजंदारीवर जगणारे होते आणि १३ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सात-आठ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत हे खरंच आहे. पण जे आहेत त्यांच्या दारापर्यंत आपला माणूस का जात नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. बुडणारी रोजी, ‘वेडा’ हा शिक्का, लग्न मोडण्याची भीती, आणि दवाखान्यात आडनाव ऐकल्यावर बदलणारा सूर, अशी त्याची कारणं आहेत.

तज्ज्ञ येईपर्यंत हातावर हात धरून बसावं लागत नाही, हे जगात अनेक ठिकाणी सिद्ध झालं आहे. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेतल्या म्बारे या गरीब वस्तीत काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला आणि वस्तीतल्याच आज्यांना प्रशिक्षण देऊन त्यावर बसवलं. ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून तो प्रयोग जगभर गेला. तिथल्या शोना भाषेत अशा त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडची बाई वेगळं काय सांगते? ‘लई इचार येतात, जीव घाबरा होतो, डोक्यात मुंग्या येतात.’ नैराश्य हा शब्द ती उच्चारत नाही, आणि गटात आपणही तो तिच्यावर लादायचा नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच स्वयंसेवकांना ऐकून घेण्याचं आणि साधं समुपदेशन करण्याचं शिक्षण दिलं. त्यातली मला सर्वात पटलेली गोष्ट अशी की हे स्वयंसेवक फक्त ऐकून थांबत नव्हते, सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करत होते. आधार आणि कृती एकाच हातात, असं ते काम होतं.

आता गटाकडे येऊ. मी ज्या गटांसोबत काम करते ते आठ ते बारा जणांचे आहेत. बारापेक्षा जास्त झाले की बोलणारे तेच चौघे राहतात आणि बाकीचे श्रोते होतात. तेव्हा सरळ दुसरा गट करावा. वार आणि वेळ ठरलेली असावी, दीड तासाच्या पुढे जाऊ नये. विहार ही चांगली जागा आहे, कारण तिथे जाताना कोणी ‘कुठं चाललीस?’ विचारत नाही. मात्र वंदनेच्या वेळेला जोडून गट घेऊ नका. वंदनेला आलेली मावशी थांबून राहते, कौतुकाने ऐकते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळतं. बायकांचा गट दुपारी ठेवावा, धुणीभांड्याची कामं आटोपल्यावर. तरुण मुलं ‘मानसिक आरोग्य’ असा फलक पाहून येत नाहीत. ती अभ्यासिकेत येतात, व्यायामशाळेत येतात, म्हणून त्यांचा गट तिथेच सुरू करावा.

गोलात बसायचं. मंच नको, हार नको, प्रमुख पाहुणे तर नकोतच (आपल्याला सवय सोडणं जड जातं, पण या एका ठिकाणी सोडा). दोघांनी गट चालवायचा. एक जण बोलणं पुढे नेतो, दुसऱ्याने चेहरे पाहायचे. कोण मध्येच उठून बाहेर गेलं, कोण आज एकदम गप्प आहे, यावर त्याचं लक्ष. सुरुवातीला प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते दोन वाक्यांत सांगायचं. ‘आज मला बोलायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर मानायचं. नंतर एक-दोघांना जास्त वेळ.

सर्वात अवघड नियम म्हणजे सल्ला द्यायचा नाही. आपण कार्यकर्ते आहोत, भाषणाची सवय जिभेवर असते. कोणी म्हटलं की झोप येत नाही, तर आपण बाबासाहेब किती तास अभ्यास करायचे ते सांगायला लागतो. समोरच्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की मी कमी पडलो. बाबासाहेबांचं आयुष्य ही आपली ताकद आहे. थकलेल्या माणसाला मोजायची फूटपट्टी म्हणून ते वापरू नका. निदानही करायचं नाही. ‘तुला बायपोलर आहे’ हे वाक्य गटात कोणाच्याही तोंडून येता कामा नये.

गुप्ततेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गट बहुतेक याच कारणाने बुडतात. शहरातल्या समुपदेशकाकडे गुप्तता सोपी असते, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. वस्तीत गटातली एक बाई दुसरीची नणंद असते, तिसरीची उधारी चौथीकडे असते. म्हणून नोंदवहीत फक्त हजेरीची संख्या आणि पुढे कोणाला कुठे पाठवलं एवढंच लिहावं, नाव-आडनाव नको. फोटो नको, अहवालासाठीही नको. व्हॉट्सॲप गट करायचाच असेल तर वेळ आणि जागा कळवण्यापुरता. आणि एकाच घरातली दोन माणसं एका गटात घेऊ नका, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

गटात कधीतरी कोणी म्हणेल की जगावंसं वाटत नाही. त्या क्षणासाठी आधीच तयारी हवी. ‘मरण्याचे विचार येतात का?’ असं शांतपणे, थेट विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही थेट विचारायलाच सांगते. उत्तर हो असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासातलं एक माणूस बोलवायचं, घरातली शेतीची औषधं आणि गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर १०८ किंवा ११२ लावून सरळ रुग्णालय. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात, म्हणून कायदा माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा करायची नसते, उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

आपल्या समाजात आणखी एक प्रश्न हमखास येतो. ‘विपश्यनेला पाठवू का?’ ध्यानाचा अनेकांना फायदा होतो, वाद नाही. पण ज्याला आवाज ऐकू येतात, तीव्र नैराश्य आहे, त्याला दहा दिवसांच्या मौनात बसवणं हा उपचार नाही. विपश्यना केंद्रंही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला येऊ नका असंच सांगतात, आणि अर्जात आजाराची माहिती विचारतात. ती लपवून अर्ज भरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पडून राहिलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतलं, खाटेवर निजवलं, आणि मग इतर भिक्खूंना जाब विचारला की याची शुश्रूषा कोणी का केली नाही. आजारी माणसाला त्यांनी आधी उपदेश केला नाही, त्याला स्वच्छ केलं. चालू असलेली गोळी अचानक बंद करून कोणाला ध्यानाला बसवणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तसंच, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही गुपचूप भगताकडे जाणारे असतात. त्यांची गटात टिंगल झाली तर ते भगताकडे जायचे थांबत नाहीत, आपल्याकडे यायचे थांबतात. अघोरी मारहाण, साखळदंड असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे तडजोड नाही. बाकी वेळी ‘औषध मात्र चुकवू नका’ एवढं पुरतं.

कृतीचा भाग यातूनच येतो. चार बायका चार बैठकांत एकाच मायक्रोफायनान्स कंपनीच्या वसुलीबद्दल रडल्या, तर तो चार मनांचा आजार राहत नाही. तिथे गटाने समुपदेशनाच्या जोडीला कर्जाची कागदपत्रं, वसुलीची वेळ, दमदाटी यांची तक्रार करायची असते. विद्यार्थी जातीवरून टोमणे सांगत असेल तर त्याला ‘मन खंबीर कर’ म्हणणं म्हणजे छळणाऱ्याचं काम सोपं करणं आहे. एम्समधल्या जातीय भेदभावावर प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ मध्येच आला होता. हे विद्यार्थ्यांच्या मनाचे खेळ नाहीत, हे तेव्हाच कागदावर आलं आहे. मात्र त्या विद्यार्थ्याचं नाव फलकावर लावायचं की नाही, तक्रार कधी करायची, हे तोच ठरवेल. त्याला अजून झोप लागत नसताना त्याला पत्रकार परिषदेत बसवू नका. मोर्चा आठवडाभर थांबू शकतो.

सरकारी यंत्रणेकडून काय मागायचं हेही नेमकं असावं. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळायला हवीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. आपल्या तालुक्यात त्याचं पथक कोणत्या वारी येतं, ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, त्यामुळे जुनाट आजार असलेल्यांना दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावरच्या योजना मिळू शकतात. ही माहिती असलेली घरं आमच्या भागात बोटावर मोजण्याइतकी आहेत.

गट चालवणाऱ्या दोघांचीही कोणीतरी विचारपूस करायला हवी. महिन्यातून एकदा त्यांनी एखाद्या प्रशिक्षित समुपदेशकाशी किंवा दुसऱ्या वस्तीतल्या गटाशी बोलावं, आणि सहा महिन्यांनी जबाबदारी बदलावी. निधीची चिंता सुरुवातीला नकोच. सतरंजी, चहा आणि दाराला आतून कडी एवढं पुरतं. वर्षावासात विहारात रोजची ये-जा वाढते, तेव्हा दोघांनी आधी वाचन, मग एक दिवसाचं प्रशिक्षण, आणि अश्विन पौर्णिमेच्या आसपास पहिली बैठक, असा क्रम आमच्याकडे जमला. पहिल्या बैठकीच्या आधी एक काम करून ठेवा. ग्रामीण रुग्णालयात जाऊन मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत असते ते स्वतः पाहून या, आणि औषधांच्या खिडकीवरच्या माणसाशी ओळख करून घ्या. पहिल्याच महिन्यात कोणाला तरी घेऊन तिथे जावं लागतं.