जेवण चांगलं होतं, तरी आम्ही त्या हॉटेलात परत का गेलो नाही?



माझ्या ट्रेनिंग बॅचमध्ये पहिल्या तासाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. असं एखादं हॉटेल आठवा, जिथं तुम्ही पूर्वी नेहमी जायचात आणि आता जात नाही. आठवलं? आता सांगा, का जात नाही?

समोर बसलेले सगळे दुकानदार असतात. कुणाचं किराणा, कुणाचं मोबाईल रिपेअरिंग, कुणाचं साड्यांचं दुकान. स्वतःच्या धंद्याबद्दल विचारलं की हे लोक जपून बोलतात. हॉटेलचा विषय काढला की मात्र सगळे एकदम सुटतात. आणि गंमत बघा, "चव बिघडली" असं फार थोडे सांगतात. बाकीचं कसलं कसलं निघतं. "पोरगं रडत होतं आणि शेजारच्या टेबलवाल्यापेक्षा वेटरच जास्त वैतागला." "सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेटं हातात टेकवली." "उठायच्या आधीच टेबल पुसायला घेतलं." एक ताई म्हणाल्या होत्या, "सर, बाथरूमला कडीच नव्हती." विषय संपला. त्या हॉटेलात काजू करी किती भारी होती, हे त्यांना पुढं कधी आठवलंच नाही.

तुम्ही म्हणाल, हा हॉटेलवाला नाही, मग याला एवढं काय पडलंय? तर कोल्हापुरात माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पार्सलचे डबे, रश्श्याच्या डब्या, सिल्व्हर फॉइलच्या पिशव्या, टिश्यू, द्रोण. माझी निम्मी गिऱ्हाइकं हॉटेलवालेच आहेत. कुठल्या हॉटेलचा धंदा वाढतोय आणि कुठल्या हॉटेलला ओहोटी लागलीय, हे माझ्या उधारीच्या वहीत लवकर दिसतं. डब्यांची ऑर्डर कमी झाली की समजायचं.

आज मी जे सांगणार आहे ते व्हिडिओत सांगायला जमलं नाही. दोनदा रेकॉर्ड केलं आणि दोनदा डिलीट केलं. म्हटलं, लिहून बघू.

तर झालं असं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तीन महिने ती घरातच होती. डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगी दिली तेव्हा तिला विचारलं, कुठं जायचं? म्हणाली, "मटण खायला." कोल्हापूरची बाई, दुसरं काय म्हणणार! मी कॉलेजला असल्यापासून जात होतो त्याच हॉटेलात गेलो. आई, बायको, सहा वर्षांची लेक आणि मी. रविवार, रात्रीचे आठ.

गर्दी होतीच. फॅमिली रूम वरच्या मजल्यावर, म्हणजे आईला जमणार नाही. खाली कोपऱ्यात एक मोठं टेबल रिकामं होतं. कॅप्टनला म्हटलं, "दादा, आईचा गुडघा..." त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "ते सहा जणांचं आहे." आम्ही बेसिनजवळच्या टेबलावर बसलो. हात धुवायला येणारा प्रत्येक माणूस आईच्या खुर्चीला धक्का देऊन जात होता. पाच मिनिटांनी त्या सहा जणांच्या टेबलावर दोन पोरं बसली. दोनच.

ताटं आली. सुकं मटण एक नंबर, तांबडा नेहमीसारखा झणझणीत. पांढरा कोमट. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, वाटी संपवली आणि दुसऱ्या रश्श्याची वाट बघत बसली. बोर्डावर लिहिलेलं असतं ना, रस्सा अनलिमिटेड. वेटरला तीनदा सांगितलं. तीनदा "आणतो" म्हणाला. तोवर भाकरी गार झाली, भात आला, लेक पेंगायला लागली. शेवटी आई म्हणाली, "असू दे रे, पोट भरलं."

पोट भरलं नव्हतं. मला माहीत होतं.

काउंटरवर मालक. चांगली ओळख आहे, माझ्याकडूनच डबे घेतात. मान खाली, मोबाईल बघत, "कॅश का फोनपे?" एवढंच. बिल बरोबर होतं, एक रुपया जास्त नव्हता. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "पुढच्या वेळी घरीच करू."

आता हिशोब मांडू, कारण हिशोबाशिवाय आपल्याला काही पटत नाही. आम्ही महिन्यातून दोनदा जायचो. बिल साधारण १,६०० रुपये. वर्षाला २४ वेळा, म्हणजे ३८,४०० रुपये. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांनाही तिथंच न्यायचो, ते वेगळं. हे सगळं एका वाटीभर रश्श्यासाठी गेलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, एक स्टारचा रिव्ह्यू नाही. त्या मालकाच्या दृष्टीनं त्या रात्री काहीच घडलं नव्हतं. टेबल भरलं, टेबल सुटलं, गल्ल्यात पैसे आले.

आणि मी? मी जो स्टेजवर उभं राहून "फीडबॅक ही भेट असते" वगैरे सांगतो, मी एक शब्द बोललो नाही. आपलं गिऱ्हाईक आहे, उगाच कशाला वाईटपणा.

आठ महिन्यांनी तेच मालक दुकानात आले. आठवड्याला दोन बॉक्स न्यायचे, एकच घेतला. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काय कळंना राव. आचारी तोच, मटण तेच, मसाला घरचा. माणसं कुठं चाललीत?" मी काय बोललो माहीत आहे? "सीझनच डाऊन आहे, मालक. सगळीकडं तीच बोंब."

खोटं बोललो. सरळ तोंडावर.

त्या रात्रीपासून मी हॉटेलात जेवायला गेलो की जरा वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. तुमचं हॉटेल असो, कॅफे असो की साधी मिसळीची गाडी, माझ्या लक्षात आलेलं सांगतो.

पहिली दहा मिनिटं सगळ्यात महागडी असतात. भूक लागलेला माणूस घड्याळ बघत नाही, पण त्याला वेळ जाणवतो. टेबलावर पाणी आलं, कांदा-लिंबू आलं, कुणीतरी नजरेला नजर देऊन "बसा, आलोच" म्हटलं, की तोच माणूस पुढं वीस मिनिटं आनंदानं थांबतो. आपल्याकडच्या मिसळवाल्यांना हे उपजत कळतं. तुम्ही बाकड्यावर टेकता न टेकता तोच ब्रेडची बशी समोर, आणि प्लेटमधला कट संपायच्या आत किटली घेऊन माणूस हजर. तुम्ही मागायच्या आधी. "अनलिमिटेड" हा शब्द बोर्डावर लिहायला पेंटरचे पैसे लागतात, वाढायला मात्र माणूस लागतो. एक माणूस फक्त रश्श्याची बादली घेऊन फिरायला ठेवा. त्याच्याकडं ऑर्डर नको, बिल नको, टेबल पुसणं नको. माणूस परवडत नसेल तर बोर्ड पुसा. अर्धवट ठेवू नका.

पांढऱ्याचं कारण मी एका आचाऱ्याला विचारलं. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू. नारळाचं दूध जास्त उकळलं की फुटतं. म्हणून गर्दीच्या वेळी आचारी पातेलं गॅसवरून उतरवून बाजूला ठेवतो आणि पांढरा गार होत जातो. आचाऱ्याची चूक नाहीच, तो माल वाचवतोय. मोठ्या पातेल्यात गरम पाणी ठेवून त्यात पांढऱ्याचं पातेलं बसवलं की काम झालं. म्हणजे गिऱ्हाइकाला "काळजी नाही" असं जे वाटतं, त्यामागं कधीकधी किचनमधली फारच साधी अडचण असते. पण ती मालकाला कळणार कशी? गिऱ्हाईक बोलत नाही, वेटर सांगत नाही आणि मालक काउंटर सोडत नाही.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया नावाचं १९२३ सालचं जुनं इराणी-पारशी हॉटेल आहे, बेरी पुलावसाठी प्रसिद्ध. तिथले मालक बोमन कोहिनूर २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. नव्वदी उलटल्यावरही हा माणूस स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचा, गप्पा मारायचा. लोक पुलाव खायला जायचे आणि घरी आल्यावर त्या म्हाताऱ्याबद्दल बोलायचे. आपल्याला नव्वदीपर्यंत थांबायची गरज नाही. तासातून एकदा काउंटरवरून उठून एक फेरी मारली तरी पुरे. आणि फेरी मारताना "सगळं ठीक आहे ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं आहे: "हो, मस्त." असं विचारा, "रस्सा गरम होता का? भाकरी वेळेत आली का?" नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

बिलाबद्दल थोडक्यात, कारण इथं लोक बोलत नाहीत पण मनात ठेवतात. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही लावायचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. टीप द्यायची की नाही, ही गिऱ्हाइकाची मर्जी. दुसरं, तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. कर तुमच्या खिशातून भरायचा. छोट्या हॉटेलांमध्ये ही चूक मी अजून बघतो. काही जण मुद्दाम करतात, बरेच जण बिलिंग मशीनवाल्यानं सेट करून दिलं म्हणून करतात. आज घरी जाऊन तुमचं एक बिल नीट वाचा. गिऱ्हाईक वाचतंय. आणि त्याला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही माहीत असतो.

कॅफेवाल्यांची अडचण उलटी. एका कोल्ड कॉफीवर दोन पोरं दोन तास बसतात, लॅपटॉप चार्जिंगला लावतात. उठवलं तर वाईट, न उठवलं तर धंदा बसतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: रिकाम्या वेळी बसू द्या, रिकामा कॅफे बघून कुणी आत येत नाही. गर्दीच्या वेळेचा नियम मात्र आधीच बोर्डावर लिहा. नियम आधी कळला तर राग येत नाही, उठवताना कळला तर येतो. परमिट रूमवाल्यांना एकच सांगणं. फॅमिली सेक्शन वेगळा केलाय, चांगलं केलंत, पण तिथं जायची वाट जर पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जात असेल तर त्या सेक्शनचा काय उपयोग?

असो. मूळ गोष्टीकडं येतो.

खोटं बोलल्यावर दोन दिवस मला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, हॉटेलं रिकामी असतात त्या वेळी, मी त्यांच्याकडं गेलो. चहा मागवला त्यांनी. मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातलं टेबल, बेसिन, पांढरा, तीनदा "आणतो". आईचं वाक्यही सांगितलं.

ते गप्प ऐकत होते. मला वाटलं, आता धन्यवाद म्हणतील. म्हटलं होतं ना, फीडबॅक ही भेट असते! ते म्हणाले, "आठ महिने मला डबे विकलेस. दर आठवड्याला तोंड दिसत होतं तुझं. तेव्हा जीभ नव्हती?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. चहा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात डबे न्यायला त्यांचा पोरगा आला नाही. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. नंतर कळलं, दुसऱ्या दुकानातून घेतात.

मागच्या महिन्यात आईचा वाढदिवस होता. तिनं पुन्हा मटण म्हटलं. घरीच करायचं ठरलं होतं, पण मीच म्हटलं, चल, तिथंच जाऊ. बायको माझ्याकडं बघतच राहिली. गेलो. खाली कोपऱ्यात मोठ्या टेबलाच्या जागी आता चौघांची दोन टेबलं होती. बेसिनजवळचं टेबल काढून टाकलं होतं. एक पोरगा नुसता रश्श्याच्या बादल्या घेऊन फिरत होता, एका हातात तांबडा, एका हातात पांढरा. पांढऱ्यातून वाफ येत होती. आईनं तीन वाट्या घेतल्या.

निघताना काउंटरपाशी मालकांनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही. आईला म्हणाले, "काकू, पांढरा गरम होता का?"

"होता की," आई म्हणाली. "मीठ जरा कमी होतं."

त्यांनी आतल्या पोराला हाक मारून तिथल्या तिथं सांगितलं. मी बिल दिलं. आम्ही आता महिन्यातून दोनदा जातो. डब्यांची ऑर्डर मात्र अजून दुसरीकडंच आहे.